घरगुती तापनऊर्जेची तुलना

घरगुती तापनऊर्जेची तुलना म्हणजे थंडीच्या दिवसांत घर उबदार ठेवण्यासाठी किंवा पाणी तापवण्यासाठी लागलेली वीज, गॅस अथवा अन्य इंधन दोन घरांत, दोन गावांत किंवा दोन हिवाळ्यांत किती खर्ची पडले, हे एकाच मापाने ताडून पाहणे. थंड प्रदेशांत ही तुलना मुख्यतः खोलीतल्या हवेची असते. मुंबईत ती न्हाणीघरातल्या पाण्याची असते, आणि हा फरक ध्यानात न घेता काढलेले निष्कर्ष हमखास फसवे ठरतात.

खोल्या तापवाव्या लागतात अशा ठिकाणी ‘अंश-दिवस’ हे माप वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान एका ठरावीक आधार-तापमानापेक्षा जितके अंश खाली असेल, तितके त्या दिवसाचे अंश-दिवस धरले जातात. हा आधार अनेक ठिकाणी 18 अंश सेल्सिअस, तर ब्रिटनमध्ये 15.5 अंश मानतात. समजा, 18 अंशांच्या आधाराने एका घराला सरासरी 8 अंशांच्या दिवशी 20 युनिट लागले आणि दुसऱ्या घराला 11 अंशांच्या दिवशी 14 युनिट लागले. वरवर पाहता दुसरे घर काटकसरी वाटते, परंतु भागाकार केल्यावर दोन्ही घरांचा वापर प्रत्येक अंश-दिवसामागे 2 युनिट असाच निघतो. म्हणजे फरक हवामानाचा आहे, घराच्या बांधणीचा किंवा माणसांच्या सवयीचा नाही.

मुंबईला हे माप जवळजवळ लागूच पडत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास आणि कमाल 31 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे दिवसाची सरासरी सहसा 18 अंशांखाली उतरत नाही आणि अंश-दिवस शून्यावर येतात. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंश इतकी नीचांकी नोंद झाली होती, पण तशी थंडी या शहरात अपवादानेच येते. निवासी इमारतींसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेतही थंड प्रदेशांना भिंती-छतांतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा घातली आहे, तर मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशाला आत शिरणाऱ्या उष्णतेची.

अंघोळीच्या पाण्याचे गणित मात्र मुंबईतही हिवाळ्यात चांगलेच बदलते, आणि ते मांडायला सोपे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. गिझरमधून कढत पाणी काढून त्यात विसण घातले, तरी अंगावर घेतले जाणारे पाणी साधारण 40 अंशांचे असते. मे महिन्यात नळाचे पाणी 30 अंशांचे धरले, तर 20 लिटरच्या बादलीला 200 किलोकॅलरी, म्हणजे 0.23 युनिट पुरते. जानेवारीत तेच पाणी 22 अंशांचे धरले, तर 360 किलोकॅलरी, म्हणजे 0.42 युनिट लागते. पाणी अवघे आठ अंशांनी गार झाले, पण गरज 80 टक्क्यांनी वाढली. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर निवत असल्याने पहाटे लवकर अंघोळ करणाऱ्याला दुपारच्या तुलनेत अधिक ऊर्जा लागते, हेही यातच येते.

इतकी वाढ होऊनही ती बिलात दिसत नाही, याचे कारण पंखा. चार माणसांच्या घरात रोज एक-एक बादली धरली, तर वरच्या हिशेबाने दिवसाला पाऊण युनिट वाढते. 75 वॉटचा जुन्या पद्धतीचा पंखा रात्री दहा तास बंद राहिला, तर तेवढेच वाचते. ज्या घरात एसीही बंद होतो, तिथले हिवाळी बिल उलट घटते आणि गिझर काहीच खात नाही असा समज होतो. रुपयांतली तुलना तर आणखी गोंधळाची, कारण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवलेले घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर बदलतात, आणि बेस्ट, अदानी, टाटा पॉवर व महावितरण यांचे दरही सारखे नसतात. म्हणून तुलना युनिटांतच, तीही पंखा-एसीचा वापर वजा करून आणि बिलातले दिवस सारखे करून करावी.

बंब आता शहरातून जवळपास नाहीसा झाला असला, तरी अनेक घरांत पाणी आजही गॅसवरच तापते. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1,55,000 किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता 68 टक्के धरली, तर त्यातून जानेवारीतल्या 290 च्या आसपास बादल्या निघतात. विजेच्या रॉडला किंवा गिझरला तेवढ्याच कामासाठी 120 युनिटांहून थोडे अधिक लागते. मीटरपुरते पाहिले तर वीज सरस ठरते, पण कोळशावरच्या केंद्रात एक युनिट वीज तयार करताना ढोबळमानाने तीन युनिटांइतकी उष्णता खर्ची पडते. मुंबईला 1915 पासून खोपोलीची जलविद्युत मिळत आली असली, तरी शहराच्या विजेचा मोठा भार औष्णिक केंद्रांवर आहे. त्यामुळे मोजणी मीटरवर केली की वीजकेंद्रात, हे सांगितल्याशिवाय गॅस आणि वीज यांची तुलना पुरी होत नाही.

एका घरापुरते मोजायचे असल्यास मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पुरेसा आहे. मीटरवर 3200 हा आकडा छापलेला असेल, तर 3200 लुकलुकींमागे एक युनिट होते आणि 2 किलोवॉटचा गिझर एकटा चालू असताना दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. पाणी तापून गिझर आपोआप बंद झाल्यावरही त्याचे बटण चालू ठेवले, तर अधूनमधून तो दिवा पुन्हा तशाच वेगाने चालू लागतो. तेवढी ऊर्जा टाकीच्या कवचातून निसटलेल्या उष्णतेची भरपाई असते आणि कोणाच्याही अंघोळीच्या खाती ती धरता येत नाही.