म्हातारे तारे आणि त्यांच्याभोवतीची धूळ: हे कळलं कसं

2019 च्या शेवटी काक्षी, म्हणजे मृग नक्षत्रातला तो लालसर बीटलज्यूस, मंदावायला लागला तेव्हा सगळीकडे एकच चर्चा की आता सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट, होणार. तसं काही झालं नाही. 2021 मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या फोटोंवरून मांडलं गेलं की ताऱ्याने गॅसचा लोट बाहेर टाकला, त्यात धूळ धरली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली. बऱ्याच जणांना हे नवीन वाटलं, पण तारा स्वतःच्याच धुळीआड जातो ही कल्पना बरीच जुनी आहे.

उत्तर मुकुटातला आर कोरोनी बोरियालिस नावाचा तारा एरवी नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो आणि मधेच काही आठवड्यांत हजारो पटींनी अंधुक होतो, हे एडवर्ड पिगॉटने 1795 मध्ये टिपलं होतं. कारण मात्र कोणालाच सांगता येईना. 1934 मध्ये इटलीतल्या लोरेटाने आणि 1939 मध्ये ओकीफने म्हटलं की ताऱ्यातून निघालेला कार्बन थंड होऊन त्याची काजळी होते आणि ती प्रकाश अडवते. 1962 मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी पुढची पायरी गाठली, की कार्बन तारे, म्हणजे ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असलेले तारे, असे ग्राफाइटचे कण अवकाशात सोडतात आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेतली धूळ तिथून येते. (त्या काळात आपले जयंत नारळीकरही हॉईलचेच विद्यार्थी होते.)

पण हे सगळं अजून कागदावरच होतं, धुळीची स्वतःची ऊब कोणी पाहिली नव्हती. ती पाहिली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या न्यूगेबाउअर आणि लेटन यांनी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं मोठं काम हेच. भारी काचेच्या आरशाला पैसे नव्हते म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत इपॉक्सी नावाचा घट्ट होणारा द्रव ओतून ती गोल फिरवत ठेवली, फिरता फिरता द्रवाला आपोआप पॅराबोलाचा आकार आला आणि तसाच तो घट्ट झाला, वर चकाकी चढवली की 62 इंची आरसा तयार! डिटेक्टर लेड सल्फाइडचे, जे मिसाईलला उष्णता ओळखता यावी म्हणून विकसित झाले होते. माउंट विल्सन वेधशाळेतून त्यांनी दोन मायक्रॉन तरंगलांबीला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, आकाश पिंजून काढलं आणि 1969 मध्ये 5,612 स्रोतांची यादी छापली. त्यातला सिंह राशीतला आयआरसी+10216 साध्या प्रकाशात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, पण पाच मायक्रॉनला सूर्यमालेबाहेर त्याच्याइतकं तेजस्वी काहीच नाही. बेकलिन आणि सहकाऱ्यांनी त्याचं तापमान साधारण 650 केल्विन काढलं, म्हणजे ताऱ्याच्या मानाने अगदीच थंड. दिसत होता तो तारा नव्हताच, त्याला गुंडाळून बसलेली गरम धूळ होती.

त्याच वर्षी वुल्फ आणि ने यांनी काही लाल ताऱ्यांच्या वर्णपटातला दहा मायक्रॉनजवळचा उंचवटा सिलिकेटचा, म्हणजे वाळूसारख्या खनिजाचा, म्हणून ओळखला. कुठे काजळी आणि कुठे वाळू हे ठरतं कार्बन-ऑक्सिजनच्या हिशोबावर, दोघं मिळून कार्बन मोनॉक्साइड करतात आणि जो उरतो त्याची धूळ होते. मग 1983 मध्ये अवरक्त प्रकाशात आकाश पाहणारा आयरास उपग्रह आला आणि असे झाकलेले तारे हजारोंनी सापडले.

योगायोग म्हणजे 1969 मध्येच ऑस्ट्रेलियात मर्चिसन उल्का पडली, आणि 1987 च्या सुमारास तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे असे कण मिळाले जे सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांभोवती बनले होते. म्हणजे ही धूळ आता लॅबमध्ये हातात धरता येते.

एक कोडं मात्र बरीच वर्षं छळत होतं: हे तारे आपला गॅस बाहेर फेकतात कसे? प्रकाश धुळीला ढकलतो, धूळ गॅसला ओढून नेते, कार्बन ताऱ्यांत हे गणित नीट बसतं कारण काजळी प्रकाश शोषते, पण ताऱ्याच्या जवळ टिकणारं सिलिकेट बिनलोखंडाचं, जवळपास पारदर्शक, ते ढकललं जाणार कसं? 2008 मध्ये सुझाने हॉफनरने सुचवलं की कण पुरेसे मोठे असले तर प्रकाश विखुरण्यानेच धक्का मिळतो, आणि 2012 मध्ये नॉरिस आणि सहकाऱ्यांना अशा ताऱ्यांच्या अगदी जवळ साधारण 0.3 मायक्रॉनचे कण खरंच दिसले.