पीळ, बांध आणि निसटणारे कण: स्टेलरेटरची पार्श्वभूमी

रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. वाफा भरत आलेला असतो, बांध शाबूत दिसतो, तरी शेजारच्या वाफ्यात पाणी सरकल्याचा आवाज येतो. बॅटरी मारून वाकून पाहावं, तर बांधाच्या पोटात उंदराचं बीळ. अणुसंलयनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून, ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या स्टेलरेटर या यंत्राचा सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे असल्याच बिळाचा शोध आहे.

मार्च १९५१ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी अणुसंलयन साधल्याचा दावा केला. दावा खोटा निघाला, पण त्यामुळे प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर विचारात पडले. कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) धरायला भांडं चुंबकीय क्षेत्राचंच हवं. सरळ नळीच्या टोकांतून तो निसटतो, म्हणून टोकं जोडून कडं करावं. पण कड्यात आतल्या अंगाला क्षेत्र दाट आणि बाहेर विरळ असतं, त्यामुळे कण वरखाली सरकत भिंतीला लागतात. स्पिट्झर यांनी नळीच इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवली. चऱ्हाटाला द्यावा तसा पीळ क्षेत्ररेषांना मिळाला आणि वर सरकणारा कण फिरून खाली येऊ लागला. हाच स्टेलरेटर.

हे काम गुप्त होतं. १९५५ च्या जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी दोन दशकांत संलयन ऊर्जा हाती येईल असं भाकीत केलं, तेव्हाही ते पडद्याआड होतं. १९५८ ला पडदा उठला. दहाच वर्षांत टोकामॅक या दुसऱ्या तऱ्हेच्या कड्याने, सोव्हिएत टी-३ ने, बाजी मारली. प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर १९७० मध्ये मोडून त्याचा टोकामॅक केला. गांधीनगरजवळचं आपलं ‘आदित्य’सुद्धा टोकामॅकच.

टोकामॅकमध्ये पीळ प्लाझ्मातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने येतो. तो प्रवाह अचानक कोसळू शकतो, हा त्याचा मोठा धोका. पण कडं सगळीकडून सारखं असल्यामुळे कण वाट सोडून फार लांब जात नाही. स्टेलरेटरचा पीळ बाहेरच्या, वीज वाहणाऱ्या वेड्यावाकड्या वेटोळ्यांतून येतो. प्रवाह सांभाळायची कटकट नाही, पण सममिती गेली. क्षेत्रात खळगे पडतात, काही कण त्यांत अडकून पुढेमागे हिंदकळतात आणि प्रत्येक हेलकाव्यात थोडे बाहेर सरकतात.

साध्या कणांचं एक वेळ निभतं. एकमेकांवर आदळून ते खळग्यातून सुटतात. खरी अडचण अल्फा कणांची, म्हणजे संलयनातून निघणाऱ्या हेलियमच्या केंद्रकांची. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांच्या एका संलयनातून १७६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा निघते. त्यातले १४१ लाख न्यूट्रॉन घेऊन जातो, उरलेले ३५ लाख अल्फा कणाकडे. भट्टी स्वतःच्या आचेवर धगधगत ठेवायची ती या पाचव्या हिश्श्यावर. पण इतका वेगवान कण क्वचितच अडखळतो. बीळ असेल तर तो सरळ त्यातून भिंतीवर जातो. आच जाते ती जातेच, वर भिंतही भाजते.

वाट दाखवली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन बूझर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. जागा मोजायचे योग्य निर्देशक (कोऑर्डिनेट) वापरले, तर कणाचं सरकणं क्षेत्राच्या दिशेवर नाही, फक्त तीव्रतेवर ठरतं. म्हणजे वेटोळी दिसायला कितीही वाकडी असोत, तीव्रतेत सममिती असली की पुरे! या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार हाच. १९८८ मध्ये न्यूरेनबर्ग आणि झिले यांनी संगणकावर असा आकार शोधून दाखवला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एचएसएक्स या स्टेलरेटरने तसा आकार धातूत उतरवला. प्रिन्स्टनचं एनसीएसएक्स हे स्टेलरेटर यंत्र मात्र खर्च आणि विलंबापायी २००८ मध्ये अर्धवट सोडलं गेलं. वेटोळी मिलिमीटरच्या हिशोबात बसवणं काही खायचं काम नाही. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला ५० वाकड्या अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) वेटोळ्यांचं वेंडेलश्टाइन ७-एक्स हे स्टेलरेटर यंत्र डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. त्याचं क्षेत्र वेगळ्या तत्त्वावर बेतलं आहे, आणि वेगवान कण ते प्लाझ्माचा दाब वाढल्यावरच नीट धरतं.

२०२२ मध्ये मॅट लँड्रेमन आणि एलिझाबेथ पॉल या शास्त्रज्ञांनी संगणकावर असे आकार काढले, की सममितीतली उणीव पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राएवढी क्षुल्लक उरली. त्या गणितात अल्फा कणांची गळती नगण्य ठरली.

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी थांबलेले पाहिले, म्हणून हेही सांगतो: संलयनाच्या उष्णतेवरही बहुधा वाफेचंच टर्बाइन फिरणार, पाणी लागणारच. थांबतील त्या कोळशाच्या वाघिणी. आणि आजवर एकाही स्टेलरेटरमध्ये ट्रिटियम इंधन म्हणून भरलेलं नाही. वेगवान कणांच्या चाचण्या मुख्यतः बाहेरून सोडलेल्या किंवा रेडिओलहरींनी तापवलेल्या आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) होतात.