क्षमा न करणारा वाचक आणि क्षमा न साधलेली कादंबरी

छोट्या गावात घडणाऱ्या आणि तुटलेल्या प्रेमाला दुसरी संधी देणाऱ्या कादंबऱ्यांवरचे नाराज अभिप्राय वाचत गेले, की एक वाक्य हमखास भेटते: 'तिने त्याला इतक्या सहज माफ करायला नको होते.' या वाक्याआड दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. असा अपराध करणाऱ्याला मी स्वतः कधीच माफ केले नसते, ही पहिली. नायिकेने माफ केले ते कशाच्या बळावर, हे लेखकाला दाखवता आलेले नाही, ही दुसरी. पहिली तक्रार वाचकाच्या नीतिकल्पनेविषयी काही सांगते आणि दुसरी पुस्तकाच्या घडणीविषयी. पण पहिलीला दुसरीचा वेश चढवून पुस्तकाचे गुण कापण्याची रीत इतकी रूढ झाली आहे, की असे अभिप्राय वाचून पुस्तक घ्यावे की नाही, हे ठरवणे अशक्य होऊन बसते.

या प्रकाराची ओळख करून देण्याची गरज नाही. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या संस्थेच्या व्याख्येतच केंद्रस्थानी प्रेमकथा आणि भावनिक समाधान देणारा, आशादायी शेवट या दोन अटी आहेत, त्यामुळे 'शेवट आधीच कळला' हा आक्षेप बाद समजावा. गाव फार गोडगोड आहे, वेग मंद आहे, दुय्यम पात्रे जास्त आहेत, हे आवडीनिवडीचे प्रश्न असून त्यांवरून कोणाची दिशाभूल होत नाही. दिशाभूल होते ती क्षमेवरून.

समजा, नायक लग्नाच्या आदल्या रात्री कोणाला न सांगता गाव सोडून गेला आणि वडिलांच्या आजारपणामुळे नऊ वर्षांनी परतला. एक वाचक म्हणते, असल्या माणसाला कितीही वर्षांनी माफी नाही. असे मत बाळगण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, परंतु ते पुस्तक उघडण्यापूर्वीच पक्के झालेले होते आणि पुस्तकातली कोणतीही ओळ बदलली तरी ते हलणार नाही. दुसरी म्हणते, परतल्यावर तो तिच्या दुकानाचे गळके छप्पर दुरुस्त करतो, तिच्या भाच्याला सायकल शिकवतो, पुरात जीव धोक्यात घालतो, परंतु आपण त्या रात्री का गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर काय ओढवले असेल, हा विषय तीनशे पानांत एकदाही काढत नाही, आणि तरीही शेवटच्या प्रकरणात ती त्याच्या मिठीत असते. ही तक्रार पुस्तकावरची आहे. तिने क्षमा करावी की नाही, याबद्दल ही वाचक चकार शब्द काढत नाही. छप्पर दुरुस्त करणे म्हणजे कबुली देणे नव्हे, एवढेच तिचे म्हणणे आहे. आपली तक्रार यांपैकी कोणती, हे ओळखण्यासाठी स्वतःला विचारावे, की लेखकाने आणखी चाळीस चांगली पाने लिहिली असती, तर माझे समाधान झाले असते का? झाले असते, तर दोष पुस्तकाचा. कशानेच झाले नसते, तर पुस्तकाला बोल लावण्यात अर्थ नाही.

छोट्या गावामुळे हा घोळ आणखी वाढतो. तिथे कोणी कोणाला टाळू शकत नाही आणि जुन्या भांडणात प्रत्येकाने बाजू घेतलेली असते. चांगला लेखक याचा फायदा उठवतो: अपमान गावासमोर झाला, म्हणून कबुलीही चारचौघांत द्यावी लागते. आळशी लेखक गावालाच नायकाचा वकील नेमतो. मग धाकटी बहीण, शेजारच्या आजीबाई आणि शाळेतले जुने मास्तर एकामागून एक येऊन 'तो आता बदललाय गं' असे सांगून जातात. साक्षीदारांची ही रांग मला या प्रकारात सर्वांत जास्त चीड आणते, कारण नायकाचे काम दुसरेच करतात आणि वाचकांना त्यात गावाचा जिव्हाळा दिसतो.

अपराध पुसून टाकण्याची पळवाट त्याहून जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही भर सभेत नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर मात्र, केवळ तिच्या शब्दावर तिला स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता, असे कारण देतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून हा दोष विस्मृतीवर ढकलला. आजच्या कादंबऱ्यांत आईने दडवलेली पत्रे दुर्वासाचे काम करतात. खापर तिसऱ्याच्या माथी फुटले, की क्षमेचा प्रश्नच उरत नाही आणि पहिल्या प्रकारचे वाचक खूश होतात. परंतु कालिदास आजच्या या लेखकांपेक्षा धूर्त आहे. सातव्या अंकात दुष्यंत शकुंतलेच्या पाया पडतो, तेव्हा शापाची हकिगत त्याला ठाऊक नसते. मारीच ऋषी ती नंतर सांगतात. म्हणजे माफी मागताना तो स्वतःला अपराधीच मानत असतो. दडवलेल्या पत्रांच्या कादंबऱ्यांत हा क्रम नेमका उलटा असतो: आधी निर्दोष सुटका, मग गहिवर.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत संबंध तोडते ती नायिका. घरोब्यातल्या लेडी रसेलच्या सल्ल्यावरून ॲनने नौदलातल्या वेंटवर्थला नकार दिला, त्याला आठ वर्षे लोटली आहेत. 1816 च्या उन्हाळ्यात ऑस्टिनने कादंबरीचा शेवट लिहिला, तो तिला पसंत पडला नाही आणि तिने तो पुन्हा लिहिला. आधीच्या खर्ड्यात वेंटवर्थला ॲडमिरल क्रॉफ्टच्या वतीने ॲनला विचारावे लागते, की तिचे लग्न नात्यातल्या एलियटशी ठरले असेल तर ॲडमिरलने भाड्याने घेतलेले ॲनच्या वडिलांचे घर, केलिंच हॉल, सोडावे काय. ती नाही म्हणते आणि गाठ सुटते. छापील शेवटात ॲन कॅप्टन हारविलशी स्त्रियांच्या निष्ठेविषयी बोलत असते आणि त्याच खोलीत लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकता ऐकता तिला पत्र लिहितो. निकाल दोन्हींत एकच आहे. पण पहिल्यात दोघांना जवळ आणते ती घराच्या भाड्याची चौकशी आणि दुसऱ्यात ॲनचे स्वतःचे बोलणे. ज्याला ॲनचा नकारच अक्षम्य वाटतो, त्याला दोन्ही शेवट सारखेच निरुपयोगी. घडणीवर बोट ठेवणाऱ्याला मात्र दुसऱ्यात हवे ते मिळते. रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे.

पहिल्या प्रकारची तक्रार निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. विश्वासघात, वर्षानुवर्षे लपवलेले मूल, साखरपुडा झालेला असताना दुसरीकडे गुंतणे, यांपैकी काय घडते हे अभिप्रायात स्पष्ट सांगितले, तर तशीच मर्यादा असलेल्या पुढच्या वाचकाचे पैसे आणि वेळ वाचतो. ती सूचना म्हणून वेगळ्या वाक्यात यावी, गुणांमध्ये मिसळू नये, एवढाच आग्रह आहे. लपवलेल्या मुलाच्या कथानकाला मी स्वतः हात लावत नाही. अशा पुस्तकाला मी कमी गुण देत नाही, कारण मी त्याला गुणच देत नाही.