मिसाबंदींच्या सुटकेची मागणी (इंदूर–ग्वाल्हेर)

आणीबाणीच्या काळात (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) ‘मिसा’खाली (मेंटेनन्स ऑफ इंटर्नल सिक्युरिटी ॲक्ट, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा) विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांना सोडवण्याचे प्रयत्न. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार देशभर असे ३४,९८८ स्थानबद्ध होते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे दिल्लीच्या तिहार तुरुंगात, तर समाजवादी नेते मधु लिमये मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते.

सुटकेचे मुख्य साधन म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात करायचा हेबिअस कॉर्पस अर्ज, म्हणजे बंद्याला कायदेशीरपणे डांबले आहे का हे तपासण्याची विनंती. तो बंद्यानेच करावा लागत नसे. पत्नी, भाऊ किंवा मित्रही करू शके. सोबत प्रतिज्ञापत्र आणि मिळाल्यास स्थानबद्धतेच्या आदेशाची प्रत जोडली जाई. इंदूर व ग्वाल्हेर येथे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची खंडपीठे असल्याने कुटुंबांना त्यासाठी जबलपूरला जावे लागत नसे.

मूळ ‘मिसा’ कायद्यात स्थानबद्धतेची कारणे बंद्याला साधारणतः पाच दिवसांत कळवावी लागत आणि प्रकरण स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे जाई. कारणे मोघम, जुनी किंवा असंबद्ध आहेत, एवढे दाखवले तरी आदेश कोसळू शके; अनुभवी वकिलाचा सगळा भर तिथेच असे. जून १९७५ च्या अध्यादेशाने घातलेल्या कलम १६-अ ने नेमकी हीच वाट बुजवली. आणीबाणीच्या मुकाबल्यासाठी स्थानबद्धता आवश्यक असल्याची घोषणा झाली की कारणेही नाहीत, मंडळही नाही. उरे तो सरकारनेच दर चार महिन्यांनी घ्यायचा आढावा.

२७ जूनच्या राष्ट्रपती आदेशाने अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) व २२ (अटक व स्थानबद्धतेपासून संरक्षण) यांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. मग हेबिअस कॉर्पस अर्ज मुळात चालतो का, हा वाद उभा राहिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर १९७५ रोजी तो चालतो असे ठरवले. आदेश कायद्याच्या चौकटीत आहे की नाही, हे तरी न्यायालयाला तपासता येते, असा अर्ज चालतो म्हणणाऱ्यांचा मुद्दा होता. इतर अनेक उच्च न्यायालयांचा कौलही तसाच होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अपिलावर, चार विरुद्ध एक मताने हा कौल उलटवला. न्या. हं. रा. खन्ना यांचे भिन्नमत (जगण्याचा हक्क केवळ अनुच्छेद २१ ची देणगी नव्हे) अधिक सयुक्तिक वाटते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताचा निर्णय चूक ठरवला.

त्यानंतर तात्पुरत्या सुटकेचा, म्हणजे पॅरोलचा अर्ज उरला. तो मंजूर करणे पूर्णतः सरकारच्या मर्जीवर होते. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्यावर सुटकांना वेग आला. ‘मिसा’ १९७८ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ आणीबाणीतील स्थगितीच्या कक्षेबाहेर काढले.