सेन, जोगेंद्रनाथ

(मृत्यू : २२ मे १९१६). पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारले गेलेले बंगाली सैनिक, लीड्स विद्यापीठाचे विद्यार्थी. बोलण्यात जोगेन सेन. या युद्धात पडलेले पहिले बंगाली म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मूळ गाव हुगळीकाठचे चंद्रनगर (चंदननगर), त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यातले.

१९१० मध्ये ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १९१३ मध्ये लीड्समधून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तिथल्याच महापालिकेच्या वीजकेंद्रात साहाय्यक अभियंता म्हणून नोकरीला लागले. सप्टेंबर १९१४ मध्ये ‘लीड्स पॅल्स’ उभी राहिली, तेव्हा ते तीत भरती झाले. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या या पंधराव्या बटालियनीत एका शहरातले, एका कचेरीतले, एका आळीतले तरुण एकत्र भरती झाले होते आणि एकत्रच राहणार होते. शिकलेले, कारकुनी पेशाचे लोक तीत बरेच होते.

त्यांतही सेन सर्वांत जास्त शिकलेले, असे बराकीतले सोबती आर्थर डॉल्बी सांगत. १९८८ मध्ये, म्हातारपणी, त्यांनी सांगितलेली आठवण ध्वनिमुद्रित झाली आहे. सेन यांना सात-एक भाषा येत. पण गोऱ्यांच्या वर काळ्या माणसाला नेमायचे नाही असा तो काळ, त्यामुळे त्यांना लान्सनाईकही (शिपायाच्या लगेच वरचा हुद्दा) होऊ दिले नाही, असे डॉल्बी म्हणतात. सत्तरएक वर्षांनंतरही त्यांना नेमके हेच आठवावे, याला महत्त्व आहे. अधिकारी होण्यासाठी लागणारी ब्रिटिश राजाची सनद (किंग्ज कमिशन) भारतीयांना खुली झाली ती १९१७ मध्ये. सेन शेवटपर्यंत साधे शिपाईच राहिले.

बटालियन डिसेंबर १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी ईजिप्तला गेली आणि मार्च १९१६ मध्ये फ्रान्सला आली. २२ मेच्या रात्री सोमच्या आघाडीवर तोफांच्या माऱ्यात सेन ठार झाले. कोलँकाँजवळच्या स्यूक्रेरी लष्करी दफनभूमीत त्यांची कबर आहे. पुढे १ जुलैला सेर गावासमोरच्या हल्ल्यात त्यांची बटालियन जवळजवळ संपली.

लीड्स विद्यापीठाने आपल्या मृतांची नावे कोरली, त्यांत सेन यांचेही आहे. हे स्मारक ब्रदर्टन ग्रंथालयात आहे. त्यांच्या अंगावरच्या वस्तू मात्र चंद्रनगरला परत आल्या आणि फ्रेंच गव्हर्नर ड्यूप्लेच्या जुन्या निवासस्थानातील संग्रहालयात राहिल्या. २००५ मध्ये साहित्याचे अभ्यासक शंतनू दास यांना तिथल्या काचेच्या कपाटात सेन यांचा चष्मा दिसला. त्यावर रक्ताचे डाग होते. नंतर केव्हातरी त्या चष्म्याचा आणि लीड्सच्या भिंतीवरील नावाचा मेळ बसला. तोवर नाव एका खंडात आणि चष्मा दुसऱ्या खंडात, अशी स्थिती नव्वदएक वर्षे होती.

सेन इतके मागे पडले याला मुख्यतः नोंदींची वाटणी कारणीभूत आहे. या युद्धातील भारतीय म्हटले की भारतीय सेना डोळ्यांसमोर येते. मराठी वाचकाला आठवतात त्या मेसोपोटेमियातील (आजचा इराक) कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी; कूत पडले तेही एप्रिल १९१६ मध्येच, म्हणजे सेन पडण्याच्या महिनाभर आधी. दिल्लीचे इंडिया गेट आणि फ्रान्समधील नव-शापेलचे स्मारक ही त्याच सेनेची. सेन ब्रिटिश बटालियनीतले असल्यामुळे त्या हिशेबात येत नाहीत. बंगाल्यांची स्वतंत्र पलटण, एकोणपन्नासावी, निघाली ती सेन यांच्या मृत्यूनंतर आणि गेली मेसोपोटेमियाला. चंद्रनगरचे काही तरुण १९१६ मध्येच फ्रेंच सैन्यात दाखल झाले होते; पण त्यांचा इतिहास फ्रेंच कागदपत्रांत. राहिले ते विद्यापीठ. देश आणि पलटण न पाहता, आपला विद्यार्थी एवढ्याच नात्याने त्याने हे नाव लिहिले, म्हणूनच पुढे संशोधकांना धागा जुळवता आला.