४०० घोडे आणि एक उलाळ गाडी

मस्जिद बंदरच्या गल्लीत हातगाडी भरताना पाहण्यासारखा क्षण अगदी शेवटी येतो. गोण्या रचून झाल्या की हमाल पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित खालीवर करतो. दांडी वर उसळायला लागली तर मागची एक गोणी पुढं येते, हात फारच खाली ओढले जाऊ लागले तर पुढची मागं जाते. दांडीवर पेलवेल इतकंच वजन राहिलं की गाडी निघाली. अर्ध्या मिनिटाचं काम.

टेक्सासातल्या माझ्या भाच्यानं हे अर्ध्या मिनिटाचं काम केलं नव्हतं. त्यानं ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन, सामानासकट ३,२०० किलोचं. ओढायला ४०० हॉर्सपॉवरचा पिकअप. फोनवर म्हणाला, "मामा, मागं काही जोडलंय हे इंजिनाला कळतसुद्धा नाही. पण ताशी १०० च्या पुढं गेलं की धूड शेपूट हलवायला लागतं." मी विचारलं, सायकली कुठं बांधल्यास? मागं. जनरेटर? तोही मागं. पाण्याची टाकी? ती कंपनीनंच आसाच्या मागं बसवलेली.

गावाकडं याला एका शब्दात उत्तर आहे: गाडी उलाळ झाली. बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. पुढं जास्त भरलं तर गाडी धुरजड, मग सगळा भार मानेवर. ट्रेलरचंही तसंच. फरक इतकाच की बैल मान झटकून सांगतो, पिकअप काही बोलत नाही.

ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांडीतून पिकअपच्या बॉलवर, म्हणजे ज्या लोखंडी गोळ्यावर ही दांडी बसते त्यावर, यावं, असा अमेरिकेतला रूढ नियम आहे. भाच्याच्या ट्रेलरसाठी ते ३२० ते ४८० किलो होतं. यापेक्षा कमी असेल तर काय होतं ते समजायला टायरकडं पाहावं लागतं. ट्रेलरचं मागचं अंग वाऱ्याच्या झोतानं किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे बाजूला सरकलं, की टायर रस्त्याला धरून त्याला परत ओढतो. ही ओढ किती, ते ठरतं एका कोनावर: टायरचं तोंड कुठं आहे आणि तो प्रत्यक्षात कुठं सरकतोय, यांतला कोन. समजा ट्रेलर सेकंदाला अर्धा मीटर या गतीनं आडवा सरकतोय. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर असेल तर हा कोन येतो सुमारे ३ अंश. वेग ताशी १०८ केला तर तोच कोन जेमतेम १ अंश. आडवं सरकणं तेवढंच, पण ते शमवणारी टायरची ओढ एक तृतीयांशावर आली. वेग आणखी वाढवत गेलात तर एक टप्पा असा येतो की झोका शमतच नाही, उलट दर हेलकाव्याला मोठा होत जातो. गाडी उलाळ असेल तर हा टप्पा फार लवकर येतो. इंजिन ४०० घोड्यांचं असल्याचा उपयोग एवढाच, की तिथवर लवकर पोचता येतं.

इथं एक फसवी गोष्ट आहे. मागं १०० किलो ठेवले तर पुढंही १०० किलो ठेवून तोल साधता येईल, असं वाटतं. दांडीवरचं वजन खरंच साधतं. पण कावड घेऊन गर्दीत वळणाऱ्याला विचारा. दोन टोकांना ओझं असलं की वळायला वेळ लागतो, आणि एकदा वळायला लागली की कावड थांबत नाही. टोकाचं अंतर दुप्पट केलं तर वळण्याला होणारा विरोध चौपट होतो. म्हणून जड सामान आसाच्या आसपास, जमिनीलगत ठेवायचं.

मग दांडीवर भरपूर वजन टाकलं की झालं? नाही. बॉल पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागं असतो. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर ३.६ मीटर आणि बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागं धरला, तर बॉलवरच्या ४०० किलोंमुळे मागच्या आसावर सुमारे ५३० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे १३० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. उपाय म्हणून हिचला, म्हणजे पिकअपमागच्या या जोडणीला, स्प्रिंगचे दोन लांब दांडे लावतात आणि ते साखळीनं ट्रेलरच्या चासीकडं ताणून धरतात. पिकअपच्या पाठीला ढकलगाडीसारखे दोन हात फुटावेत आणि कुणी ते वर उचलावेत, तसा परिणाम होतो. पुढच्या चाकांवर वजन परत येतं. उलाळ गाडी मात्र यानं सरळ होत नाही.

न्हावाशेवाहून पळस्पे फाट्याकडं येणारे कंटेनर ट्रेलर हा प्रश्न मुळातच टाळतात. तिथं कंटेनरचा भार 'घोड्या'च्या, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकच्या, मागच्या चाकांच्या वर, किंचित पुढंच, एका सपाट तबकडीवर टेकतो. ४० फुटी कंटेनर जेमतेम ५ सेंटिमीटर जाडीच्या एका पिनेभोवती वळतो!

आणि थांबवायचं कसं? समजा भाचा हे सगळं घेऊन बोरघाट उतरतोय. पिकअप धरून ५,७०० किलो, उतार सुमारे ५०० मीटरचा. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जिरवली, तर तेवढ्या उष्णतेत ९० लिटरहून जास्त पाणी उकळेल. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं ऑइल कमी तापमानाला उकळतं. मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा? वाफेचे बुडबुडे झाले की पेडल पोकळ लागतं. म्हणून चढायला जो गिअर लागला असता, उतरायलाही साधारण तोच, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. झोके सुरू झाले तर एकटे तेच ब्रेक हळूहळू लावायचे, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. पिकअपचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं धूड त्यालाच ढकलतं.

भाच्यानं शेवटी वजनकाटा गाठला. आधी नुसता पिकअप तोलला, मग ट्रेलर जोडून, पण काट्यावर चाकं फक्त पिकअपची. फरक निघाला २३० किलो, म्हणजे जेमतेम ७ टक्के. सायकली आणि जनरेटर पिकअपच्या हौद्यात आले, टाकी रिकामी झाली, आणि बॉलवर ३२५ किलो आले. ट्रेलर आता २,९५० किलोचा, म्हणजे ११ टक्के. त्या रात्री मेसेज आला: "मामा, शेपूट हलायची थांबली. पण हा रिव्हर्स कसा घ्यायचा?"