झुकणारा निळा सीडार ‘बुटका’ नाही

न्यू जर्सी किंवा इंग्लंडमधल्या नर्सरीत चार फुटांचा झुकलेला निळा ॲटलास सीडार दिसतो आणि ‘हा एवढाच राहतो’ असं ठामपणे सांगितलं जातं. मग तो दारापासून तीन फुटांवर लागतो. दहा वर्षांनी पायवाट अडते आणि करवत निघते.

हा मोरोक्को-अल्जिरियाच्या डोंगरातला, आपल्या देवदाराचा चुलतभाऊ. झुकणाऱ्या जातीचा शेंडा स्वतःहून ताठ उभा राहत नाही, इतकंच. आधार दिलात तर उंच होतो, नाही दिलात तर जमिनीवर आडवा पसरतो. वाढ मात्र थांबत नाही. उंची तुम्ही ठरवायची.

भिंतीपासून किमान १० फूट सोडा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण गड्ड्यापेक्षा खोल नको; कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत मुळं कुजतात. जाड लोखंडी पाइप रोवा आणि कोवळा शेंडा लवचिक पट्टीने दर २०-३० सेंटिमीटरवर सैल बांधा. तार नको, ती सालीत रुतते. पट्ट्या दरवर्षी सैल करा. हवी ती उंची गाठली की शेंडा मोकळा सोडा.

सांध्याखालून ताठ, हिरवा फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचा असतो; बुडापासून काढा. आणि सुया (सुईसारखी पानं) नसलेल्या जुन्या लाकडात छाटणी करू नका, तिथून सहसा पुन्हा फुटत नाही. ती करवतीची दुरुस्ती फसते ती इथेच.